एका बंद पडलेल्या फोनची मराठी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

माझ्या टेबलाच्या खणात एक मोबाइल फोन पडून आहे. तळहातात मावेल एवढा, लहान पडद्याचा, पांढऱ्या पाठीचा. २०१४ साली मी तो घेतला. आता त्याची बॅटरी फुगली आहे आणि पाठीचं झाकण नीट बसत नाही. घरातल्यांनी दोनदा तो भंगारात काढला आणि दोन्ही वेळा मी परत आणून ठेवला. कवी माणसाला जुन्या वस्तू टाकवत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात. पण खरं कारण तसं नाही. या फोनचा कारभार पाहणारी जी प्रणाली होती, ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती जगातल्या कुणालाही उघडून पाहता येत होती, बदलता येत होती. तिला मराठी बोलायला शिकवण्याच्या कामात काही महिने माझाही हात होता. त्या प्रणालीचं नाव फायरफॉक्स ओएस. पाच वर्षांचंही धड आयुष्य तिला लाभलं नाही. तिची गोष्ट आज सांगायची आहे.

आधी माझी लायकी सांगतो. मी यंत्रातला माणूस नव्हे. मराठी विषय घेऊन बीए झालो आणि मिरजेच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. खिळ्यांचा जमाना तेव्हा संपत आला होता. एक म्हातारे जुळारी उरले होते. ते उलटी अक्षरं बोटांनी ओळखून ओळ जुळवत. ओळ रुंदीत बसली नाही की लेखकाला शिव्या घालत आणि मला म्हणत, ‘‘कवी, याच अर्थाचा आखूड शब्द सांगा.’’ पुढे हे शिक्षण मोबाइलच्या कामी येईल, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

माझी थोरली बहीण, आमची आपा, शिवणकाम करते. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचते. इंग्रजी मात्र तिला येत नाही. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता, सगळा इंग्रजीत. कोणतं बटण कितीदा दाबायचं, हे तिने नमाजाच्या रकातींसारखं मोजून पाठ केलं होतं. २०१३ सालच्या ईदच्या आधी चार दिवस तिच्या थोरल्याने दुबईहून पैसे पाठवले. ते उचलण्यासाठी लागणारा नंबर एसएमएसने आला. आपाने जुने एसएमएस पुसायला घेतले. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. ती म्हणाली, ‘‘यानं विचारलं, मी हो म्हटलं.’’ सगळे एसएमएस गेले, त्यात तो नंबरही. दुबईला फोन लागेपर्यंत दोन दिवस गेले आणि त्या ईदला घरात नवे कपडे आले नाहीत, दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईच्या घरात. तिला दुःख त्याचं नव्हतं. ‘‘मला वाचता येतं रे,’’ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ‘‘मी काय अडाणी आहे का?’’

हे सगळं तिच्या धाकट्या मुलासमोर घडलं. तो तेव्हा अभियांत्रिकीला होता. तो म्हणाला, ‘‘मामू, कंपनीने मराठी दिली नाही तर आपण काही करू शकत नाही. पण एक फोन येतोय, त्यात करता येईल.’’

या ‘करता येईल’मागे मोठा इतिहास आहे. तो मला भाच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळला. १९९८ साली नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली, म्हणजे त्याच्या आतलं सगळं लिखाण, जगासमोर खुलं केलं. त्यातून मोझिला हा प्रकल्प आणि २००४ साली फायरफॉक्स हा ब्राउझर आला. खुलं करणं म्हणजे काय, हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. छापलेलं पुस्तक विकत मिळतं, तसे एरवीचे प्रोग्राम. खुल्या प्रोग्रामसोबत मात्र जुळवलेले खिळेही तुमच्या हातात येतात. चूक दिसली तर खिळा काढा, दुसरा बसवा, नवी प्रत काढा आणि ती दुसऱ्यालाही द्या.

जुलै २०११ मध्ये मोझिलाने जाहीर केलं की याच पायावर आपण फोन चालवून दाखवू. कामाचं नाव ठेवलं बूट टू गेको. एका वर्षाने त्याचं फायरफॉक्स ओएस झालं. रचना तीन थरांची होती. तळाला गॉन्क, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि यंत्राशी बोलणारा भाग. मधे गेको, ब्राउझरचं इंजिन. आणि वर गाया, म्हणजे आपल्याला डोळ्यांनी दिसणारा फोन: घड्याळ, संपर्क, संदेश, कॅमेरा. गंमत अशी की हा वरचा थर साध्या वेबपानांसारखाच लिहिलेला होता. ज्याला वेबपान करता येतं त्याला फोनचं घड्याळही करता येत होतं. अँड्रॉइडचा पायाही खुलाच आहे, हे खरं. पण तिथे पुढची आवृत्ती कशी असेल हे आधी कंपनीत ठरतं आणि मग जगाला दिसतं. इथे कामच चव्हाट्यावर चाललं होतं. एखाद्या बटणाचा रंग का बदलला, याचा वादही कुणालाही वाचता येत होता.

जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये पहिला फोन दुकानात आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात पंचवीस डॉलरच्या स्मार्टफोनची घोषणा झाली. त्या ऑगस्टमध्ये भारतात इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणि पाठोपाठ स्पाइसचा फोन २,२९९ रुपयांना आला. या पिढीच्या स्वस्त फोनांत स्मृती होती अवघी १२८ एमबी आणि तीही टूजीवर. मी जो घेतला त्याचं नाव सांगत नाही, कारण आता त्याची निंदा करणार आहे. तो अतिशय मंद होता. संपर्काची यादी उघडायला घातली की तेवढ्यात चहा उकळून व्हायचा. चालू गाण्यावर फोन आला तर गाणं जायचं, कधीकधी फोनही जायचा. त्यात हिंदी होती. मराठी नव्हती.

भाचा म्हणाला, ‘‘मग लिहा ना!’’

लिहायचं म्हणजे काय? डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे रिकामी चौकट, आणि अशा चौकटी हजारोंनी. आम्ही काहीजण होतो. विदर्भातली एक विद्यार्थिनी, पुण्याचे एक निवृत्त बँकवाले, मी, आणि येऊन-जाऊन असलेले आणखी दोघे-तिघे. एकमेकांची तोंडं आम्ही कधी पाहिली नाहीत. मी रात्री छापखान्यातून आलो की भाच्याच्या लॅपटॉपवर बसायचो. त्या लॅपटॉपवर फोनचा एक नकली पडदा उघडता येई. आपण टाकलेले शब्द त्यात कसे दिसतात ते भाचा लगेच दाखवायचा.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हे भाषांतर नाही, जुळारीकाम आहे. ‘परवलीचा शब्द’ हा पासवर्डसाठी किती देखणा प्रयोग! पण ३२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर त्याचं ‘परवलीचा श…’ व्हायचं. फोनच्या घडणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. त्यांनी इंग्रजीचंच एक लांबवलेलं, वेड्यावाकड्या चिन्हांचं सोंग करून फोनमध्ये ठेवलं होतं, बटणं पुरेशी रुंद आहेत का ते तपासायला. दुसरं सोंग आरशातल्या इंग्रजीचं होतं, अरबी-उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी. ते मी चालू केलं आणि वडिलांची आठवण झाली. ते उर्दू वाचायचे. त्यांची पुस्तकं मी लहानपणी नेहमी शेवटाकडून उघडायचो.

मग व्याकरण. इंग्रजीत कुठलीही वस्तू पुसली की एकच शब्द पुरतो. मराठीत फोटो पुसला, यादी पुसली, चित्र पुसलं. फोनला आपण काय पुसतो आहोत याचं लिंग माहीत नसतं. शेवटी आम्ही ‘पुसून झालं’ अशा वाटेने निसटलो. तासाचं अनेकवचन तासच राहतं, पण मिनिटाची मिनिटं होतात आणि नोंदीच्या नोंदी. आकड्याप्रमाणे शब्द बदलण्याची सोय त्या प्रणालीत होती. ती आम्हाला भाच्याने समजावली, आणि ‘१ मिनिटे’ असं वाचण्याच्या यातनेतून मराठी माणसाला वाचवल्याचं समाधान मला एखाद्या कवितेइतकं झालं.

‘इमर्जन्सी’चं काय करायचं, यावर तर चार दिवस गेले. पडदा कुलूपबंद असतानाही जे बटण चालतं ते हे. कोशात शब्द तयार होता, आणीबाणी. पण १९७५ नंतर हा शब्द महाराष्ट्रात दवाखान्याकडे जात नाही, तुरुंगाकडे जातो. बँकवाले म्हणाले, ‘‘आणीबाणीचा कॉल म्हटलं की मला मध्यरात्री दार वाजल्यासारखं होतं.’’ आम्ही ‘तातडीचा कॉल’ केलं.

आणि मग आला ‘कॅन्सल’. मी न विचार करता ‘रद्द करा’ लिहिलं होतं. विदर्भातल्या मुलीने ते बदलून ‘निरस्त करा’ केलं आणि शेजारी शेरा लिहिला की रद्द हा शब्द मराठी नाही, बाहेरचा आहे.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तो शेरा मी रात्री एक वाजेपर्यंत बघत बसलो. आयुष्यभर कविसंमेलनांतून एक कौतुक ऐकत आलो आहे, ‘‘तुम्ही मराठी किती छान लिहिता हो!’’ माझ्या शेजारी बसलेल्या कुलकर्ण्यांना किंवा पाटलांना असं कुणी म्हणत नाही. कौतुकच असतं ते, म्हणून काही बोलता येत नाही. आणि इथे तर फोनच्या एका बटणावर मला कुणीतरी सांगत होतं की हा बाहेरचा.

मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव जूलियनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश काढला. हा कोश करणारा कवी पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला, ही मराठीची एक मजा. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. रद्द अरबीतून आला. पण मग मी आमची सगळी यादी घेऊन बसलो. सुरू अरबी. बंद फारसी. मदत अरबी, तारीख अरबी, मजकूर अरबी. यादी फारसीतल्या ‘याद’वरून. पसंत फारसी. आणि ‘कॉपी’साठी बँकवाल्यांनी घातलेला ‘नक्कल’, तोही अरबी. हे सगळे काढले तर फोन सुरूही करता येत नव्हता आणि बंदही.

हा झगडा काही मोबाइलने आणलेला नाही. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवला गेला. दरबारातल्या हजाराहून अधिक फारसी-अरबी वळणाच्या शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी, ही इच्छा मला समजते. फोनमध्ये मराठी हवी म्हणून मी तरी दुसरं काय करत होतो? त्यातले काही शब्द रुजले, पुष्कळसे कोशातच राहिले, आणि तारीख, यादी, मजकूर हे लोकांच्या तोंडी तसेच राहिले.

मी हे युक्तिवाद लिहिले नाहीत. मी आपाकडे गेलो. ती मशीनवर बसली होती. मी एकेक शब्द वाचत गेलो आणि ती मान वर न करता उत्तर देत गेली.

‘‘निरस्त?’’

‘‘निरसं दूध का?’’

‘‘मांडणी?’’ सेटिंग्जसाठी आमच्यापैकी एकाने हा शब्द सुचवला होता.

‘‘भांड्यांची.’’

‘‘न्याहाळक?’’ हा ब्राउझरसाठी.

‘‘कोण, तो कोपऱ्यावरचा पानवाला?’’

‘‘रद्द करा?’’

या वेळी तिने मशीन थांबवलं. ‘‘रद्द करा म्हणजे रद्द करा. बसचं तिकीट रद्द करतो तसं. यात विचारायचं काय?’’

मी शेऱ्याखाली दोन ओळी लिहिल्या. हा फोन जिच्यासाठी आहे त्या सातवी शिकलेल्या बाईंना विचारलं, त्यांना निरस्त कळला नाही, रद्द कळला. त्या मुलीचं उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. तिने स्वतः ‘रद्द करा’ परत घातलं होतं आणि लिहिलं होतं की माझ्या आजीलाही विचारलं, तिचंही तेच म्हणणं. पुढे ती प्रत्येक अडलेला शब्द आजीकडे नेऊ लागली. सेटिंग्ज सेटिंग्जच राहिलं आणि ब्राउझर ब्राउझर. दिनांक की तारीख, यावर वादच झाला नाही.

शब्दांशिवाय मी एकच काम केलं, पण त्याचा मला आजही अभिमान आहे. यादीच्या ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली होती. ‘संपर्कांची’ लिहिलं की रफार आणि त्यावरचा अनुस्वार वरून कापले जायचे. छापखान्यात असा फर्मा मी कधी सोडला नसता. भाच्याने नकली पडद्याचं चित्र काढून दिलं, मी कापलेल्या जागा लाल गोलांनी दाखवल्या आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलं की आमच्या अक्षरांना डोक्यावर जागा लागते. दोन दिवसांत दूरदेशीच्या कुणा कार्यकर्त्याने ओळ उंच केली. ‘‘आता बघा, पुरे का?’’ एवढंच विचारलं. पुरे होतं. पंचवीस वर्षं मी चुका दाखवत आलो आहे. दाखवलेली चूक इतक्या मुकाट्याने दुरुस्त करणारा लेखक मला एकही भेटला नव्हता.

पण बाजार आमची वाट पाहत थांबला नव्हता. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलचे अँड्रॉइड वन फोन भारतात आले. त्याच नोव्हेंबरात अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात मराठीही होती, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगालीसह. आम्ही चौकटी भरत होतो त्याच दिवसांत. त्याशिवाय व्हॉट्सअॅप. त्या कंपनीने फायरफॉक्स ओएससाठी आपलं अॅप काढलंच नाही. इतरांनी जोडतोड केली, पण माणूस दुकानात पहिला प्रश्न तोच विचारायचा. मराठीच्या अभावी ही प्रणाली बुडाली, असं मी म्हणणार नाही. मराठी असती तरी बुडाली असती. १२८ एमबीत जग बसवायला निघालेले लोक आणि व्हॉट्सअॅपवरून लग्नाच्या पत्रिका पाठवणारे लोक, यांची गाठ पडायची नव्हती.

डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केलं की मोबाइल कंपन्यांमार्फत फायरफॉक्स ओएसचे फोन यापुढे आणणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरलेलं कामही थांबल्याचं सांगितलं. माझा फोन तोवर मराठी झाला नव्हता. आमचे शब्द लॅपटॉपवरच्या त्या नकली पडद्यावर दिसले, माझ्या हातातल्या खऱ्या पडद्यावर कधीच नाहीत. वाईट वाटलं का? वाटलं. छापून तयार झालेल्या पुस्तकाची बांधणीच झाली नाही, असं. पण विदर्भातल्या मुलीने लिहिलं, ‘‘काका, खिळे तर आहेत ना?’’ माझी उपमा तिने माझ्याच तोंडावर मारली.

खिळे खरोखरच राहिले होते. खुली आज्ञावली कंपनीने सोडली तरी मरत नाही; दुसरा कुणी उचलतो. फायरफॉक्स ओएसच्याच पायावर काईओएस नावाची प्रणाली उभी राहिली, बोटांनी दाबायच्या बटणांच्या फोनसाठी. २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सने जिओफोन जाहीर केला, परत मिळणाऱ्या १,५०० रुपये अनामतीवर. त्याच्या आत हीच काईओएस होती. फोरजी, बटणं, २.४ इंची पडदा, आणि भारतीय भाषा, त्यांत मराठीही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅपही आलं. असे फोन देशात कोट्यवधी हातांत गेले. ज्यांनी फायरफॉक्स ओएसचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या खिशात तिची नात वावरत होती. २०२० साली मोझिलाने काईओएसशी करार करून तिच्यातलं जुनं गेको इंजिन नवं करायला मदतही केली. अर्थात काईओएस चालवणारी कंपनी धंदेवाली होती आणि चव्हाट्यावरचं ते काम तिथे नव्हतं. मला कुणी ओळीची उंची विचारली नाही.

आपाने तो जिओफोन घेतला तेव्हा भाचा नोकरीला लागून पुण्याला गेला होता. मीच मराठी चालू करून दिली. तिने चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र वाचावं तसा तो फोन वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून काढला. एका शब्दावर अडखळली, नाक मुरडलं, पुढे गेली. मी तिच्या मागे उभा राहून अक्षरांची डोकी पाहत होतो. कापलेली नव्हती.

नंतर एकदा तिच्याकडे बसलो होतो. ती जुने एसएमएस काढून टाकत होती. एका ठिकाणी फोनने विचारलं, सगळे काढू का? तिने ओठ हलवत प्रश्न वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि फोनलाच म्हणाली, ‘‘नको. थोरल्याचा राहू दे.’’ आणि बटण दाबलं.